बिनमिठाची भाकर

आमच्या घरात शिंकेशिवाय प्रार्थना म्हणून कधी झाली नाही. घराच्या मागेच मिरचीची पथारी होती. पथारी म्हणजे मोकळं रान आणि त्यावर वाळत पसरलेली लाल मिरची. नंदुरबारकडच्या माणसाला हे सांगायला नको, पण माझी नातवंडं पुण्यात वाढली आणि त्यांना मिरची पुडीतच उगवते असं वाटतं. संध्याकाळी वारा फिरला की सगळा ठसका घरात. नेमकी तीच आमची प्रार्थनेची वेळ. बाबा डोळे मिटून सुरू करायचे आणि त्यांची प्रार्थना ही अशी लांबलचक. आधी देवाचे आभार, मग घरचे सगळे, मग शेजारपाजारचे, मग आजारी बैल, मग कलेक्टर, मग गावचा वायरमन. वायरमनपाशी पोचेपर्यंत कोणीतरी शिंकायचंच, आणि एक शिंकला की सगळ्यांनाच लागण. माझा धाकटा भाऊ योहान, त्याला वाटायचं की शिंक हा प्रार्थनेचाच भाग आहे. कोणी शिंकलं की तो ठणकावून म्हणायचा, "आमेन!" की झाली प्रार्थना. बाबा बिचारे वायरमनला तिथंच सोडून डोळे उघडायचे आणि माय पदराचा बोळा तोंडात कोंबून हसायची. देव आमच्या घरी नाक पुसतच यायचा, असं मी आजही म्हणते. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या काही बायांना ते आवडत नाही. न आवडो.

गाव आमचं नंदुरबारहून कोरीटकडे जाताना लागतं. ख्रिस्ती घरं मोजकीच, आणि बहुतेक एकाच आळीत. चर्च कौलारू, बसकं, शिखर वगैरे काही नाही. घंटेच्या जागी लिंबाच्या झाडाला रुळाचा तुकडा टांगलेला. तो हातोडीनं ठोकला की रविवार सुरू. घरात आम्ही अहिराणी बोलायचो, चर्चमध्ये पुस्तकी मराठी. पाळकबाबा, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, तेसुद्धा व्यासपीठावर मराठी बोलायचे आणि पायरी उतरले की अहिराणी. मला लहानपणी वाटायचं, देवाला अहिराणी येत नसावी, म्हणून एवढा खटाटोप. इथं मी सगळ्यांची बोलणी मराठीतच लिहिते आहे, नाहीतर नातवंडं म्हणतील आजी काहीतरीच लिहिते. पण काही वाक्यं मराठीत आणायला गेलं की त्यांचा जीवच जातो, ती मी आहेत तशीच ठेवणार.

आता माझ्या दोन आयांबद्दल. एक माय, मला जन्म दिलेली. दुसरी मोठी माय, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. आमची आणि त्यांची घरं भिंतीला भिंत लागून. मोठी माय उंच, धिप्पाड, आवाज असा की रुळाचा तुकडा न ठोकता तिनं नुसती हाक मारली असती तरी मंडळी गोळा झाली असती. माय बुटकी, कमी बोलणारी, पण एकदा नाही म्हणाली की नाही. या दोघींकडे आमच्या मंडळीचं एक मोठं काम होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घ्यायचा, त्याची भाकर माय करायची आणि द्राक्षरस मोठी माय करायची. शहरातल्यासारखा पाव आम्हाला कुठून मिळणार? माय गव्हाच्या पिठाची जाड, बिनतेलाची भाकर तव्यावर भाजायची, चिमूटभर मीठ घालून. मोठी माय काळ्या मनुका रात्रभर भिजवायची, उकळायची, हातानं कुस्करून पांढऱ्या फडक्यातून गाळायची. मनुका नंदुरबारच्या बाजारातल्या मारवाडी शेठजींकडून यायच्या. ते जैन, पण आम्हाला पाहिलं की विचारायचे, "घरासाठी की देवासाठी?" देवासाठी म्हटलं की ते आतल्या बरणीतल्या, बिनदेठाच्या काढून द्यायचे. मोठ्या मायनं एकदा घरासाठीच्या मनुकाही देवासाठी म्हणून आणल्या होत्या. ते तिनंच मला सांगितलं, आणि वर म्हणाली की घर काय देवाचं नाही का.

माय दिवसभर पथारीवर मिरचीची देठं खुडायची, त्यामुळे शनिवारी भाकरीचं पीठ मळण्याआधी ती हात राखेनं, मग ताकानं, मग साबणानं धुवायची. तरी एकदा प्रभुभोजनाची भाकर तिखट लागलीच. सगळी मंडळी गुडघे टेकून, डोळ्यांत पाणी. त्या दिवशी पाहुणे म्हणून आलेले एक शहरी पाळक फार हेलावले. म्हणाले, एवढा पश्चात्ताप मी कुठं पाहिला नाही.

हे सगळं गमतीचं. आता जे सांगायचं आहे ते गमतीचं नाही, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. योहान तीन वर्षांचा असताना तापानं गेला. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी बैलगाडीतून दवाखान्यात नेताना वाटेतच. माझ्या आठवणीत त्याचा चेहरा आता पुसट झालाय, पण त्याच्या चिकट मुठी आठवतात. मोठी माय मनुका भिजत घालायची तेव्हा तो तिच्या मांडीला टेकून बसायचा आणि ती दर वेळी मूठभर मनुका त्याला द्यायची. पुरून आल्यावर अंगणात बाया बसल्या होत्या. माय भिंतीला टेकून, नजर कुठंच नाही. तेव्हा मोठी माय सगळ्यांसमोर बोलली, "प्रार्थना तर सगळ्यांनीच केली. पण आईचा विश्वास कमी पडला, त्याला कोण काय करणार." मी तिथंच होते. माय उठली, घरात गेली आणि तिनं दार लावून घेतलं. त्या दिवसापासून ती मोठ्या मायशी बोलली नाही.

पण भाकर तिनं सोडली नाही. आणि हीच आमच्या घरची गंमत म्हणा, तिढा म्हणा. आमच्या मंडळीत रीत होती. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी उन्हं कलल्यावर समेटाची बैठक व्हायची. पाळकबाबा विचारायचे, "कोणाचं मन कोणाबद्दल वाकडं आहे का?" ज्याचं असेल त्यानं उठून समोरच्याचा हात धरायचा, क्षमा मागायची किंवा द्यायची आणि मग उद्या भोजनाला यायचं. मन साफ होत नसेल तर यायचं नाही. आता खरं सांगा, असं विचारल्यावर कोण कबूल करतं? बांधावरून एकमेकांची डोकी फोडायला निघालेली माणसंसुद्धा तिथं चटईचे दोरे उपटत गप्प बसायची. फक्त माझ्या मायचा हात वर जायचा. "मन्हं शे," माझं आहे, एवढंच म्हणायची. कोणाबद्दल ते सगळ्यांना माहीत. पाळकबाबा विचारायचे, "बाई, या वेळी तरी?" ती मान हलवायची. आणि दुसऱ्या दिवशी स्वतः केलेली भाकर ताटात घालून, वर क्रोशाचा रुमाल टाकून मेजावर ठेवायची आणि मागच्या भिंतीशी जाऊन बसायची. सगळी मंडळी तिच्या हातची भाकर खायची, ती सोडून. कोणीतरी पाळकबाबांना म्हणालं होतं की अशा बाईकडून भाकर घेणं बरोबर नाही. ते म्हणाले, "अख्ख्या मंडळीत खरं बोलणारी ती एकटीच. भाकर तिच्याकडूनच येऊ दे."

मोठी माय मात्र दर महिन्याला पुढं जाऊन गुडघे टेकायची. माझा तिच्यावर एवढा राग होता की ती डोळे मिटायची तेव्हा मी मुद्दाम उघडे ठेवायची.

अशी वर्षं गेली आणि माझ्या दृढीकरणाची, म्हणजे मंडळीसमोर स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करायची, वेळ आली. त्यानंतर पहिल्यांदा भोजन घ्यायचं असतं. आम्ही चार-पाच पोरी पाळकबाबांकडे प्रश्नोत्तरी पाठ करायला जायचो. कृपा म्हणजे काय, तर आपली काही लायकी नसताना देवानं फुकट दिलेलं ते. मी हे पाढ्यासारखं घडाघडा म्हणायची. पाळकबाबा म्हणायचे, "एस्तेर, दम घे गं, देव कुठं पळून जात नाही." मला मात्र आत काही व्हायचं नाही. बाकीच्या पोरींना व्हायचं म्हणे. एकीला स्वप्नात उजेड दिसला होता. दुसरीचा बाप दारू सोडून देवाकडे आला होता, त्यामुळे तिच्याकडे सांगायला ऐवजच होता. मी शिंकांच्या घरातली. आणि माझ्या मनात एकच गोष्ट घर करून होती. आमच्याकडे पहिल्या भोजनाला मुलीच्या उजव्या हाताला तिची आई गुडघे टेकायची. आई नसेल तर घरातली थोरली बाई. म्हणजे माय आली नाही तर माझ्या उजव्या हाताला मोठी माय येणार होती. ज्या तोंडानं माझ्या मायला तसं बोललं, त्या तोंडाशेजारी मी तोंड उघडायचं! मला झोप लागेना.

शेवटी मी मायला चुलीपाशी गाठलं. म्हटलं, "तू येणार आहेस ना माझ्याबरोबर?"

"मी मागं बसेन. तिथून दिसतं मला."

"मग मी पण घेणार नाही."

ती पिठाचे हात तसेच ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "असं करू नको एस्तू. माझं माझ्यापाशी."

"तुझं तुझ्यापाशी कसं? एकदा म्हणून टाक ना, झालं माफ. बाकी सगळे म्हणतातच की!"

"बाकी सगळे म्हणू देत. मन साफ नसताना मी देवासमोर तोंड उघडणार नाही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि मला नुसता तिचाच राग आहे असं वाटतं का तुला?"

ते मला तेव्हा कळलं नाही. मी पाय आपटत बाहेर गेले. बाबा अंगणात दोरी वळत बसले होते. म्हणाले, "जाऊ दे. तुझ्या मायसाठी मी रोज मागतो." मी म्हटलं, "वायरमनच्या आधी की नंतर?" त्यांना वाईट वाटलं असणार, पण हसले बिचारे.

त्या शनिवारी समेटाच्या बैठकीत मायचा हात वर गेला. मोठी माय ताठ बसून राहिली. बैठक उठल्यावर मायनं पाळकीणबाईंना बाजूला घेतलं. पाळकीणबाई म्हणजे पाळकबाबांच्या पत्नी, दोघींमधला निरोप नेहमी त्याच न्यायच्या. माय म्हणाली, "उद्या पोरीचं पहिलं भोजन. मी जी भाकर खात नाही ती तिच्या तोंडात माझ्या हातची नको. उद्या भाकर जिजीनं करावी, रस मी करते." जिजी म्हणजे मोठी माय. जाऊबाईचं नाव तिनं एवढ्या वर्षांत पहिल्यांदा घेतलं, पण निरोपातच. पाळकीणबाईंनी निरोप पोचवला. मोठी माय ऐकून म्हणाली, "बघू," आणि त्या गेल्यावर भांडी आपटायला लागली. मनात काय चाललं होतं ते तिनं मला पुढं सांगितलं: कामं वाटून देणारी ही कोण? सासू का? मी रस करते तो करणार, तिची भाकर ती करेल, नाही कुठं जात! भिंतीला भिंत लागून असल्यामुळे आम्हाला भांडी ऐकू आली, मनातलं नाही. आणि त्या रात्री भिंतीच्या अलीकडेही मनुका भिजल्या आणि पलीकडेही.

रविवारी मी पांढरी साडी नेसले, आयुष्यातली पहिली. निऱ्या सुटतील म्हणून पाळकीणबाईंनी अशा करकचून खोचल्या होत्या की श्वास घेणं अवघड. चर्च भरलं होतं. रविवारच्या घाईत, अंधाऱ्या कोपऱ्यातल्या मेजावर कोण काय ठेवून गेलं ते कोणी बघितलं नाही. सगळ्यावर क्रोशाचे रुमाल होते. प्रवचन झालं, आम्हा पोरींचं दृढीकरण झालं, पाळकबाबा मेजाकडे वळले. पहिला रुमाल उचलला, तांब्याभर रस. दुसरा रुमाल उचलला, आणखी एक तांब्याभर रस. तिसरा उचलला, पाळकीणबाईंनी भाकरीसाठी मांडून ठेवलेलं ताट, रिकामं. त्यांनी रुमाल झटकलासुद्धा, जणू भाकर त्याला चिकटली असेल. मग सगळ्या चर्चनं एकदम मागं मायकडे पाहिलं, माय मोठ्या मायकडे पाहत होती आणि मोठी माय मायकडे. कितीतरी वर्षांनी दोघींची नजर एकमेकींना भिडली, ती अशी.

मग सल्ले सुरू झाले. कोणी म्हणालं दुकानातून खारी आणा. कोणी म्हणालं बिस्कीट चालेल का? परसूकाका, आमच्या मंडळीतले सगळ्यात म्हातारे, हे शेतावरून थेट आलेले. त्यांनी पिशवीतून फडकं सोडून ज्वारीची भाकर काढली, वर ठेचा फासलेला. "ठेचा पुसून घेतला तर?" म्हणाले. पाळकबाबांनी हात जोडले. मग ते पुस्तकी मराठी विसरून गेले आणि व्यासपीठावरूनच अहिराणीत म्हणाले की दोघी जावांनी मागं आमच्या स्वयंपाकघरात जावं आणि भाकर करून आणावी, तोवर आम्ही गाणी म्हणतो. "आणि एस्तेर, तू पण जा. तुझ्यासाठीच अडलंय." पेटी वाजायला लागली. आमच्या मंडळीला गाणं म्हणायला कारण लागत नाही, आणि या वेळी तर कारणही होतं.

पाळकबाबांचं स्वयंपाकघर चर्चच्या मागेच. पाळकीणबाईंनी पिठाचा डबा दाखवला आणि "मला गाण्याला जायचंय" म्हणून निघून गेल्या. त्या किती बेसूर गायच्या ते सगळ्या गावाला माहीत होतं, तेव्हा त्या का गेल्या तेही कळलं. माय परातीशी बसली. मोठी माय चुलीशी. मी मधे, पांढऱ्या साडीत, कुठं टेकू नये म्हणून उभी.

"एस्तू, तुझ्या मोठ्या मायला सांग, जाळ कमी कर," माय म्हणाली.

"एस्तू, तुझ्या मायला सांग, ओली लाकडं आहेत, जाळ माझं ऐकत नाही."

"तिला सांग, मी निरोप पाठवला होता."

"हिला सांग, निरोपावर घर चालत नाही."

माझं डोकं फिरलं. निऱ्या आवळलेल्या, धूर डोळ्यात, आत सगळे आपल्यासाठी खोळंबलेले. मी ओरडले, "मी काय मरी गऊ का? मी दोघींना दिसतेय, मग तुम्ही दोघी एकमेकींना का दिसत नाही? योहान गेला तर तुमचं बोलणं पण त्याच्यासोबत पुरलं का?"

त्याचं नाव आमच्याकडे कोणी घेत नसे. घेतलं आणि मीच घाबरले. चर्चमधून गाणं येत होतं. माय भाकर थापत होती ती थांबली नाही, पण थापणं हळू झालं. तिनं भाकर तव्यावर टाकली. मोठी माय फुंकणी खाली ठेवून चुलीकडेच बघत बोलायला लागली. एवढा बारीक आवाज तिच्या गळ्यात असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"माझी दोन पोरं घरात झोपलेली होती. जिवंत. त्यातल्या एकाला त्या दिवशी ताप होता. मी कोणाला सांगितलं नव्हतं. अंगणात बसले तर नुसती थरथरत होते. मला वाटलं, तुझा विश्वास कमी म्हणून तुझा गेला असेल, तर माझं वाचेल. माझा जास्त आहे. म्हणून मी बोलले. तुला नाही बोलले गं, देवाला सांगत होते, की माझं घेऊ नको." तिनं नाक पदराला पुसलं. "माझं वाचलं. आणि तेव्हापासून मला कळतंय की मी किती खोटी आहे. दर महिन्याला पुढं जाते, का माहीत आहे? नाही गेले तर लोक विचारतील म्हणून. अजून मनुका भिजवते तेव्हा एक मूठ बाजूला निघते माझ्या हातून. निघतेच."

माय तव्याकडे बघत होती. आत एक गाणं संपून दुसरं सुरू झालं.

"तू बोललीस ते मी आधीच बोलले होते," माय म्हणाली. "गाडीत. तो मांडीवर असताना. माझाच विश्वास कमी पडला असं मी म्हणत होते, आणि घरी आले तर तू तेच सगळ्यांसमोर म्हणालीस. मला वाटलं, देवानंच तुझ्या तोंडून सांगितलं. मग मी देवाशी पण बोलणं टाकलं, जिजी. हात वर करायचे, पण तुझ्यासाठी नाही. त्याच्यासाठी."

"नाही गं," मोठी माय म्हणाली. ती उठली, मायजवळ येऊन फतकल मारून बसली, तिचे पिठाचे हात तिनं आपल्या हातात घेतले. "तुझा कमी नव्हता. त्या पोराला तू मांडीवरून खाली ठेवलं नाहीस तीन दिवस. कमी कसा असेल? विश्वास मोजून देव पोरं देतो-नेतो काय? मी मेली चुकले. मला माफ कर."

मायनं डोकं मोठ्या मायच्या खांद्यावर टेकलं आणि रडली. मी तिला योहान गेला तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. मोठी माय तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि पांढरं पीठ सगळीकडे लागत होतं, पाठीला, केसांना, कपाळाला. मी पण साडीबिडी विसरून तिथंच खाली बसले. आणि मग माय एकदम मान वर करून ओरडली, "जिजी, भाकर जयी ऱ्हायनी, पलट ना!"

भाकर एका बाजूनं काळी ठिक्कर. मोठ्या मायनं ती नुसत्या बोटांनी उलटली, बोटं भाजली, ती फुंकत नाचायला लागली आणि आम्ही तिघी रडता रडता अशा हसलो की चर्चमधलं गाणं क्षणभर थांबलं. नवी करायला वेळ नव्हता. मायनं काळं खरवडलं आणि भाकर ताटात घातली.

मला पुढं आयुष्यात लोकांनी खूप वेळा विचारलं की तुला देव कधी भेटला. मी नर्सची नोकरी केली, नवापूरला, मग नंदुरबारला. रात्रपाळीला उशाशी बसून लोकांचे शेवटचे श्वास ऐकले. नवरा गेला. मधे काही वर्षं अशीही आली की प्रार्थनेला बसले की भिंतीशी बोलल्यासारखं वाटायचं. पण त्या धुरात जे मिळालं ते हललं नाही. पाठ केलेलं उत्तर तोवर मला नुसतं येत होतं. त्या दिवशी ते मला घडलं. मायनं काही कमावलं नव्हतं, मोठ्या मायनं तर नाहीच नाही, मी तर नुसती चिडले होते. आणि तरी मिळालं, तिघींना. तेव्हापासून मला कधी रिकामं वाटलं नाही. दुःख वाटलं, राग आला, कंटाळाही आला, पण रिकामं नाही.

असो. आम्ही आत गेलो. मंडळीनं पाहिलं आणि पेटीवाल्याचा हात पेटीवरच राहिला, कारण माझ्या मायच्या कपाळावर पिठाचा पंजा उमटलेला होता आणि तो मोठ्या मायच्या मापाचा होता. पाळकबाबांनी डोळे मोठे करून माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. मी पुढं जाऊन गुडघे टेकले. उजव्या हाताला हालचाल झाली. माय होती. तिच्या पलीकडे मोठी माय. परसूकाका मागून मोठ्यानं म्हणाले, "आमेन," आणि ते कुठल्या प्रार्थनेला होतं कोण जाणे, कारण प्रार्थना अजून सुरूच झाली नव्हती. मला योहान आठवला. मायलाही आठवला असणार, तिचा खांदा माझ्या खांद्याला येऊन टेकला.

पाळकबाबांनी भाकर मोडली. आधी माझ्या हातावर, मग मायच्या. तिची ओंजळ पुढं आली तेव्हा नखांत पीठ होतं आणि हात मिरचीनं लाल. स्वतःच्या हातची ती भाकर, एवढ्या वर्षांनी. तिनं तोंडात घातली, डोळे मिटले, चावली. तिनं डोळे उघडले, माझ्या कानाशी आली आणि भयंकर काळजीत कुजबुजली, "मीठ टाकानं ऱ्हाई गयं."

मोठ्या मायनं ऐकलं. तिनं हसू दाबलं ते नाकातून बाहेर पडलं, आणि तिथून ते सगळ्या रांगेत पसरलं. रस तर दोन तांबे होता. त्या दिवशी सगळ्यांना भरपूर मिळाला, आणि उरलेला दारापाशी पोरांनी संपवला.

पुढच्या महिन्यात माय मीठ घालायला गेली तर पाळकबाबांनीच अडवलं. म्हणाले, राहू दे तसंच. तेव्हापासून आमच्या मंडळीत प्रभूची भाकर बिनमिठाची. मधे एक नवे पाळक आले होते, शिकलेले, त्यांनी फार शोधलं की याला शास्त्रात आधार कुठं आहे. जुनी माणसं एकमेकांकडे बघून गालात हसली.

आता माय नाही. योहानशेजारीच आहे. नोकरी संपल्यावर मी याच घरात परत आले. आता रस मी करते आणि भाकरही. गॅसवर होते, झटकन होते. मोठी माय पलंगावर असते, ऐकू कमी येतं, माणसं ओळखताना चुकते, मला कधी कधी मायच्याच नावानं हाक मारते. पण पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी परातीचा आवाज तिला कसा काय कळतो, देव जाणे. भिंतीपलीकडून तिची हाक येतेच.

"मीठ टाकू नको व माय!"

"नाही टाकलं गं," मी ओरडून सांगते, आणि मनुका भिजत घालताना एक मूठ बाजूला काढते.